काजूच्या दिवसांत अंगठा उमटत नाही

बोंडांचा वास सुटला की लोकांना म्हणे गाव आठवतो. मुंबईहून माझ्या नणंदेचा फोन येतो, काजी लागल्या काय गो, वास सुटलो काय, आणि विचारता विचारता तिचा आवाज ओला होतो. मला चीड येते. सकाळी मागचं दार उघडलं की परसातल्या काजींखालून तो आंबट-गोड, जरा दारूकडे झुकलेला वास अंगावर येतो आणि माझं डोकं फिरतं. मग दिवसभर मी भांडी आपटते, मांजराला हाकलते, वाचनालयात पुस्तक उशिरा आणून देणाऱ्याला चार शब्द सुनावते. मांजराने काही केलेलं नसतं.

गावातलं वाचनालय मी चालवते. त्यामुळे काजूच्या हंगामावर लोक काय काय लिहितात ते मला फुकट वाचायला मिळतं. लाल-पिवळी बोंडं, पानांतून झिरपणारं ऊन, रानात हुंदडलेलं बालपण. छान असतं सगळं. फक्त त्यात कोणाची बोटं नसतात. बोटांशिवाय काजू सोलला कसा जातो, हे त्या लिहिणाऱ्यांना एकदा विचारायचं आहे.

ज्यांनी ओला काजूगर नुसता ताटात पाहिलाय त्यांना सांगते. हिरवी, कोवळी बी विळीवर मधोमध चिरायची, आणि सुरीच्या टोकाने आतला गर न मोडता उचलायचा. टरफलात चीक असतो. तो लागला की कातडी आधी तपकिरी होते, मग काळी, आणि आठवड्याभरात उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटून येते. हाताला राख लावा, खोबरेल लावा, थोडंफार निभावतं. पण दोनशे बिया चिरून होईपर्यंत चीक आपली वाट काढतोच. रबरी मोजे घालूनही पाहिले. बी निसटते, गर मोडतो, आणि मोडका गर तारकर्लीला चालत नाही. तारकर्लीला किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्या चालवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना मी दर हंगामात गर पुरवते. त्यांच्या पाहुण्यांना उसळीत अख्खा गर दिसावा लागतो.

एप्रिल उजाडेपर्यंत वाडीतल्या सगळ्या बायकांची बोटं सारखीच होतात. लग्नाच्या पंगतीत पानापानावर काळी बोटं दिसतात आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. उलट एखादीची बोटं गोरी राहिली तर तिच्याबद्दलच कुजबुज होते. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो, तो या दिवसांत उमटत नाही. दुकानदार मान वर न करता विचारतो, काजू काय? आणि घरातलं दुसरं कोणी पाठवा म्हणतो. माझ्या सासऱ्यांचा अंगठा शेवटपर्यंत झकास उमटायचा, कारण त्यांनी जन्मात काजू सोलला नाही. घरात एक तरी आळशी माणूस हवा, निदान रेशन तरी मिळतं, असं आम्ही हसून म्हणायचो. म्हणजे मला हे सगळं ठाऊक होतं. कोणी मला अंधारात ठेवलं नव्हतं. तरीही व्हायचं ते झालं, आणि खरा राग त्याचाच आहे.

दुर्वा माझी मुलगी, एकुलती एक. यंदा ती बारावीला आहे. मी सांगतेय ती गोष्ट ती दहावीला होती तेव्हाची. तिचे बाबा गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला, पंधरा दिवसांनी एकदा घरी येणारे. घरात आम्ही दोघी आणि तिचा आवाज. आवाज म्हणजे काय, परसातून हाक मारली तर रस्त्यावरची एसटी थांबेल. मी लहानपणापासून तिला म्हणत आले, हळू बोल, बाईमाणसाने असं ओरडू नये. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर संचलनाचे हुकूम द्यायला गुरुजींनी तिलाच उभं केलं. तिने 'सावधान' म्हटलं आणि पहिल्या रांगेत पेंगणारे आमचे सरपंचसुद्धा ताठ बसले. त्या आवाजाचं काही होऊ शकतं हे मला कधी सुचलं नव्हतं. ते सुचलं इनासबाबांना.

इनासबाब म्हणजे पलीकडच्या ख्रिस्तावांच्या वाडीतले, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. झेंडावंदनाला ते दर वर्षी छातीवर पदकं लावून येतात आणि पेढा न घेता निघून जातात. त्या दिवशी मात्र सरळ आमच्या घरी आले. खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. दहावीच्या मुलामुलींसाठी सरकारची शिष्यवृत्ती होती: दोन वर्षं राहणं, जेवण, अकरावी-बारावीचं शिक्षण सगळं त्यांचं, आणि शिवाय सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षेची पूर्ण तयारी. आधी अर्ज, मग कोल्हापुरात लेखी परीक्षा, मग मुलाखत. जागा थोड्या. आणि अर्ज करता येतो तो दहावीच्या वर्षीच, आयुष्यात एकदा.

मी म्हटलं, इनासबाब, आमच्यातली पोरगी कसली अधिकारी होतेय. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते दुर्वाशी बोलत होते.

"बावीस वर्सांच्या पोरांक मी सलाम ठोकलंय गो चेडवा. चुकीचा सांगीत तरी ठोकलंय. एकदा आपल्या गावच्या चेडवाक ठोकूचो आसा, मगे डोळे मिटले तरी चलात."

त्या दिवसापासून दुर्वा बदलली. पहाटे उठून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पुलापर्यंत पळत जायची आणि धापा टाकत परत यायची. चहा सोडला. का सोडला ते तिलाच ठाऊक, अधिकारी चहा पीत नाहीत असं कोणी सांगितलं नव्हतं. वाचनालयातून जगाचा नकाशा घरी आणला, तो अजून परत आलेला नाही आणि मीही मागितलेला नाही. कणकवलीहून फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा तिने दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवल्या. घाट चढून वर ती तोपर्यंत एकदाही गेली नव्हती. आये, वरती थंडी असता काय गो, असं तिने मला दोनदा विचारलं. मला काय माहीत? मीही लग्नानंतर एकदाच गेले होते, तेही उलट्या करत.

माझे वडील तलाठ्याच्या हाताखाली शिपाई होते. त्यांनी आम्हा भावंडांना एक गोष्ट शिकवली: सगळे कागद हातात असल्याशिवाय सरकारच्या दारात उभं राहू नये. एक कागद कमी पडला की सात फेऱ्या. मी तसंच केलं. अधिवासाचा दाखला, जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, ठरल्या मापाचे फोटो, बाबांची सही. ती सही घ्यायला मी कागद घेऊन गोव्याला गेले आणि संध्याकाळच्या रेल्वेने परत आले. सगळे कागद एका पिशवीत नीट रचले. महिना गेला त्यात. मला वाटलं, आता काय, फॉर्म उघडायचा आणि भरायचा. आधी फॉर्म उघडून बघावा आणि मग कागद जमवावेत, हे नव्या जगाचं शहाणपण मला कोणी शिकवलं नव्हतं. सूचनांची चार पानं छापून आणली होती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की अर्जदाराची ओळख आधारवरून पडताळली जाईल. ते वाक्य मी वाचलं होतं. वाचनालय चालवणारी बाई मी, वाचल्याशिवाय कशी राहीन? वाचलं आणि पुढे गेले.

शिमग्याच्या सुट्टीला तारकर्लीला तोबा गर्दी असते. बाईंचा फोन आला, शनिवारी सकाळी सहाशे गर हवेत, अख्खे, एकही मोडका नको. दुर्वाचा आदल्या दिवशी पेपर झाला होता आणि पुढच्या पेपरला चार दिवस होते. ती आत भूमिती करत होती. मी हाक मारली, दोन तास बस माझ्याबरोबर, डोकंही जरा हलकं होईल. ती लगेच आली. मला हे सांगताना लाज वाटते, पण तिला काही जबरदस्ती करावी लागली नाही. तिला ते काम आवडायचं. आठ वर्षांची असताना ती आपणहून शिकली होती, आणि तिच्या हातून गर मोडला असं मला आठवत नाही. सुरीचं टोक आत घालायची, मनगट एवढंसं वळवायची, आणि गर असा बाहेर यायचा की जणू तो स्वतःच उठून आला. मी दोन काढीपर्यंत तिचे तीन व्हायचे.

दोन तासांचे पाच झाले. आम्ही खूप बोललो त्या दिवशी. तिथे मुलींना केस कापावे लागतात का, मासे मिळतात का, रविवारी फोन करता येतो का. ती म्हणाली, अधिकारी झाल्यावर तुला आधी सीमेवर नेईन. मी म्हटलं, तिथे मी काय करू, काजू सोलू? ती एवढी हसली की तिच्या हातातली बी निसटून बाजूच्या चुलीत गेली आणि चर्र करून पेटली. अजूनही तो दिवस चांगलाच आठवतो, आणि त्याचाच त्रास होतो. वाईट दिवस असता तर विसरणं सोपं गेलं असतं.

रविवारी दुपारी आम्ही फॉर्म उघडला. मुदत संपायला नऊ दिवस होते. पहिल्याच पानावर आधारचा नंबर मागितला आणि सांगितलं की आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडे येतील, ते इथे भरा. आम्ही दोघी माझ्या फोनकडे बघत बसलो. आकडे आले नाहीत. मग लक्षात आलं, दुर्वाच्या आधारला तिच्या बाबांचा जुना नंबर जोडलेला होता, आणि तो फोन तीन वर्षांपूर्वी मांडवीच्या पाण्यात पडला. आकडे तिकडे माशांकडे गेले असतील. मी गोव्याला फोन लावला आणि म्हटलं, नंबर कित्या बदललास? ते म्हणाले, बदलूक नाय, बुडालो. नंबर तोच घ्यायला काय झालं होतं, यावरून आम्ही वीस मिनिटं भांडलो, आणि त्या वीस मिनिटांत तिचा अर्ज तसूभरही पुढे सरकला नाही.

नवा नंबर जोडायचा तर कणकवलीच्या केंद्रावर जाऊन अंगठा द्यायचा. एवढंच. सोमवारी सकाळची एसटी पकडून आम्ही गेलो. काचेमागे एक तरुण मुलगा होता, शर्टाच्या खिशाला पेन लावलेला, कामाला चलाख. दुर्वाने यंत्रावर अंगठा ठेवला. पडद्यावर एक पट्टी सरकत वर जाते. ती निम्म्यावर गेली आणि लाल झाली. दुसरं बोट. लाल. तिसरं. लाल. त्याने काचेखालून हात घालून तिचा हात उताणा केला आणि बोटांची टोकं पाहिली. शुक्रवारच्या चिकाने ती काळीठिक्कर पडली होती, अंगठ्याची कातडी सुटायला लागली होती.

"काजू?" त्याने विचारलं.

दुर्वाने हात मागे घेतला. मी म्हटलं, हो. कार्यालयातल्या शुद्ध मराठीत म्हटलं, जणू त्याने फरक पडणार होता. त्याला काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तो म्हणाला, काकी, कातडी परत यायला तीन आठवडे लागतात, या दिवसांत रोज पाच-सहा जण परत पाठवतो. डोळ्यांवरून ओळख पटवणारं यंत्र असतं, पण ते दुरुस्तीला गेलंय. कधी येईल? सांगता येत नाही.

तीन आठवडे. आमच्याकडे आठ दिवस होते.

मग सुरू झाला उपायांचा धुमाकूळ. शेजारच्या वैनीने कोकमाचं मुठेल दिलं, टाचांच्या भेगांना लावतात ते. ते पातळ करून बोटांना चोळलं. कोणी म्हणालं साय लावा, कोणी म्हणालं कोरफड. दुर्वाला मी भांड्याला हात लावू देईना, पाण्यात बोट घालू देईना. जेवताना चमचा. आमच्या घरात चमच्याने भात खाणारी ती पहिलीच. गणिताचा पेपर तिने तशाच सोललेल्या बोटांनी लिहिला. पेन टोचायचं म्हणून त्याला फडकं गुंडाळलं होतं. परीक्षेला जाताना देवाला नमस्कार करावा तशी ती बोटं बघायची. आणि मी काय करत होते? मी मागच्या पडवीत काजू सोलत होते, कारण तारकर्लीचा शब्द दिलेला होता. ती पुढच्या पडवीत तेल लावलेली बोटं पसरून अभ्यास करत बसायची आणि माझ्या विळीचा आवाज ऐकायची.

आम्ही त्या आठ दिवसांत चार वेळा कणकवली गाठली. बोट ओलं करून ठेवा. कोरडं करून ठेवा. केसांवरून फिरवून ठेवा. जोरात दाबा. हलकंच टेकवा. मागच्या रांगेतला प्रत्येक माणूस वैद्य झाला होता. एक म्हातारा मालवणहून आलेला, मासेमारीच्या दोरखंडाने त्याचे हात असे घासलेले की तळव्यावर एक रेष उरली नव्हती. तो म्हणाला, माझो तर बारा महिने उमटना नाय, सरकाराच्या हिशेबान मी जन्माकच येवक नाय. सगळे हसले. मलाही हसू आलं आणि लगेच त्या हसण्याचाही राग आला. पळणं, उड्या मारणं, उन्हात उभं राहणं, ओझी वाहणं हे सगळं ज्या नोकरीत करायचं, तिच्या दारात उभं राहायला आधी कामाची खूण नसलेली बोटं दाखवायची. हे कोणी ठरवलं ते मला भेटायला हवं. मी त्याला विळी देईन आणि दहा बिया चिरायला सांगेन.

शिष्यवृत्तीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला तर आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं एक बाई सांगायची आणि पेटी वाजायला लागायची. मी ईमेल लिहिली. चांगली लिहिली, शुद्ध, मुद्देसूद; काजू म्हणजे काय आणि त्याचा चीक काय करतो तेही समजावलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळींचं. अर्जदाराने हात स्वच्छ धुऊन पुन्हा प्रयत्न करावा. मी ते दुर्वाला वाचून दाखवलं नाही. पण फोन टेबलावर राहिला आणि तिने वाचलं.

मधल्या काळात एकदा बाईंची गाडी आली नाही म्हणून गर द्यायला मी स्वतः तारकर्लीला गेले. समुद्राकडे तोंड करून टेबलं मांडलेली, माडांखाली पाहुणे जेवत होते. एका ताटात उसळ होती. त्या पाहुणीने आधी तिचे फोटो काढले, मग दोन घास खाल्ले, आणि उरलेले गर ताटाच्या कडेला सारले. पोट भरलं असेल बिचारीचं. तिची काय चूक? तिला कोणी सांगितलं नव्हतं की ते गर कोणी काढलेत. मला तरीही वाटलं की जाऊन तिला म्हणावं, बये, संपव ते.

शेवटच्या दिवशी आम्ही केंद्र उघडायच्या आधीच दारात उभ्या होतो. त्या मुलाने आम्हाला पहिलं घेतलं. दहाही बोटं झाली. मग सर्व्हर बंद पडला, तो दुपारपर्यंत बंद राहिला. दुपारनंतर पुन्हा दहा बोटं. डाव्या हाताच्या करंगळीने पट्टी बरीच वर चढली. चीक उडतो तो अंगठ्यावर आणि पहिल्या दोन बोटांवर, करंगळी त्यातून वाचलेली. आम्ही तिघंही श्वास धरून बघत होतो. पट्टी वर गेली, थांबली, थरथरली, आणि लाल झाली. त्याने पुसलं, पुन्हा ठेवायला सांगितलं. पुन्हा. पुन्हा. मागे रांग कुरकुरायला लागली तेव्हा त्याने रांगेला गप्प केलं. शेवटी मी माझी शुद्ध मराठी विसरले. मी ओरडले, माझ्या चेडवाक सगळो गाव वळाखता, हिच्या शाळेचो दाखलो आसा, फोटो आसा, ही हयसर उभी आसा, आणि तुमका ती ती न्हय वाटता? तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याने मला उलट उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर बरं झालं असतं. भांडायला समोर कोणीतरी लागतं. सहा वाजता त्याने खिडकी बंद केली आणि हात जोडले.

बसस्थानकावर दुर्वाने वडापाव मागितला आणि तो सगळा खाल्ला. मला त्याचाही राग आला. ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. तिने कागदाची नीट घडी केली, कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि गाडी लागलीय बघ म्हणाली.

जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशासाठी तोच नंबर जोडायला आम्ही पुन्हा त्याच केंद्रावर गेलो. तोच मुलगा, तीच काच. बोटांवर नवी, गुलाबी कातडी आलेली. दुर्वाने अंगठा ठेवला आणि पट्टी एका दमात वर जाऊन हिरवी झाली. पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. तो मुलगा यंत्राकडे बघत होता, मी भिंतीकडे. पावती घ्या म्हणाला, ती दुर्वाने घेतली.

इनासबाबांना मीच जाऊन सांगितलं होतं. ते अंगणात मिरच्यांना पाणी घालत होते. सगळं ऐकून घेतलं, आणि मिरच्यांना पाणी घालत राहिले. मग म्हणाले, बाये, सैन्यात तरी वेगळा काय आसा, थंयसर पण आधी कागद, मगे माणूस. त्यानंतर दोन वर्षं झाली, ते झेंडावंदनाला येतात, पण आमच्या घरी आले नाहीत. दुर्वा रस्त्यात भेटली तर थांबून अभ्यासाचं विचारतात, एवढंच.

तर आता पुन्हा काजी लागल्यात आणि दुर्वाची बारावी चालू आहे. बारावीवर ती थेट अधिकाऱ्यांची परीक्षा देणार म्हणते. देता येते तशी. फक्त ज्यांना ती दोन वर्षं मिळाली त्यांना शिकवायला माणसं होती, धाववायला माणसं होती, इंग्रजीतून मुलाखत कशी द्यायची हे शंभरदा करून घेणारी माणसं होती. हिच्याकडे फोन आहे, आणि तोही परसात एका ठरावीक दगडावर उभं राहिल्यावर चालतो. ती त्या दगडावर उभी राहून कोणा अनोळखी शिक्षकाचं गणित ऐकते. इंग्रजी मुलाखत ती माझ्यासमोर देते. मी प्रश्न वाचून दाखवते आणि तिचं उत्तर बरोबर की चूक ते मला कळत नाही. लोक मला सांगतात, जिद्द असली की सगळं होतं गो. लोकांना असं बोलायला काही लागत नाही. जिद्द तिच्याकडे तेव्हाही होती. तेव्हा कमी पडली ती अंगठ्याची कातडी, आणि ती कातडी मीच हाक मारून विळीवर बसवली होती.

शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ मी कोणाला सांगितलेली नाही. तिच्या बाबांनाही नाही. मी उजाडताच मागच्या पडवीत सोलायला बसले होते, बाईंची मागणी होती. परीक्षा संपलेली होती, म्हणून दुर्वाला मी झोपू दिलं होतं. ती उठून आली, तोंड धुतलं, आणि कोपऱ्यातली दुसरी विळी ओढून माझ्यासमोर बसली. मी म्हटलं, नको गो, आता कुठे बोटं बरी व्हायला लागलीत. तिने एक बी चिरली, गर अख्खा उचलला आणि माझ्या पातेल्यात टाकला. दुसरी बी घेताना म्हणाली,

"आये, आता ही बोटां कोणाक दाखवूची आसत?"

मी विळी तिच्या हातातून काढून घ्यायला हवी होती. पण तारकर्लीची गाडी अकराला यायची होती आणि दीडशे गर अजून कमी होते. मी जरा सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली.